किलोमागे चार वाकडे

२ मार्च

ती. मावशीस,
मुंगीचा सा. न. वि. वि.

वर्षातून एकदा येणारं माझं पत्र या खेपेला चार महिने आधीच आलं म्हणून घाबरू नकोस. मी बरी आहे. बढती झाली, बदलीही झाली. आता वजनमापं खात्याच्या मोठ्या ऑफिसात बसते. राहायला दोन खोल्या मिळाल्यात. एकीचं दार लागत नाही आणि दुसरीचं उघडत नाही, पण ऊन छान येतं.

कामाचं लिहिते. आईचा पत्ता हवा आहे.

कारण सरकारी आहे. सात वर्षांपूर्वी आईच्या खिळ्यांच्या दुकानातला तराजू मी जप्त केला, हे तुला माहीत आहे. सगळ्या गावालाच माहीत आहे. निरीक्षक म्हणून माझा पहिला आठवडा होता. सुरुवात घरापासून केली तर उद्या कुणी बोट दाखवणार नाही, असं मला वाटलं होतं. एका पारड्याखाली तारेनं काहीतरी बांधलेलं सापडलं, दोन पारड्यांत बावीस ग्रॅमचा फरक निघाला. मी पंचनामा केला आणि चार लोकांदेखत दुकानाला सील ठोकलं. आई एक अक्षर बोलली नाही. आठ दिवसांनी सील निघालं. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा दुकान रिकामं होतं आणि घराला कुलूप. ती कुठे गेली ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आता खात्यानं हुकूम काढलाय की जप्तीच्या खोलीतला जुना माल ३० एप्रिलनंतर भट्टीत घालून वितळवायचा. ज्याला आपली वस्तू परत हवी असेल त्यानं त्याआधी स्वतः येऊन सही करायची. तो तराजू तुमच्या वडिलांच्या हातचा आहे. आईनं सही केली नाही तर तो जाईल. एवढंच. बाकी काही नाही.

कळावे. माझ्यावरचा लोभ सात वर्षांत आटला असेल तर उरलेला तरी असू द्यावा.

तुझी,
मुंगी

८ मार्च

चि. मुंगीस,
मावशीचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, तेव्हा बरं वाटलं. मग चष्मा लावून वाचलं, तेव्हा कळलं की सरकारनं मला नोटीस पाठवलीय. अगं, ‘बाकी काही नाही’ असं लिहिताना पेन एवढं दाबलंस की कागदाच्या पाठीला फोड आलाय. मी हात फिरवून पाहिला.

आधी एक नक्की कर. तुला आई हवी आहे की आईची सही? सहीच हवी असेल तर मी देते करून. शाळेत प्रगतिपुस्तकावर आमच्या वडिलांची सही मीच करायचे, माझ्याही आणि धाकटीच्याही. चौथीपर्यंत शिकले ती त्याच जोरावर.

धाकटी कुठे आहे विचारतेस. मी शपथेवर सांगते, हे पत्र लिहितेय तेव्हा ती माझ्या डोळ्यांसमोर नाही. डोळ्यांसमोर भिंत आहे आणि भिंतीवर तुझ्या काकांचा फोटो. ते गेल्यापासून माझं सगळं बोलणं मन लावून ऐकतात. हयातीत ही सवय नव्हती.

तुला कळवायचं राहिलं. पुढच्या खोलीत मी एक भाडेकरीण ठेवलीय. बाई कामाची आहे पण तिच्या तोंडी लागायची सोय नाही. दूध उतू गेलं तर दुधाला बोलते. मला दिवसातून तीन वेळा सांगते की ताई, तुम्हाला चहा करता येत नाही, आणि तीनही वेळा पिते. तिनं तिथे दुकानही टाकलंय. कसलं ते सांगत बसले तर कागद पुरायचा नाही.

आणि एक विचारू? लहानपणी तू काउंटरखाली बसून सांडलेले खिळे एकेक करून डब्यात टाकायचीस, म्हणून तुझं नाव मुंगी पडलं. ती मुंगी एका आठवड्यात एवढी मोठी साहेब कशी झाली?

लोभ आहे तेवढाच आहे, वाढव म्हणू नकोस. या वयात काही वाढलं की डॉक्टरकडे जावं लागतं.

तुझी,
मावशी

१७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी थट्टा मिळाली. पत्ता मिळाला नाही. पण मी तुझ्यावरच विसंबून नव्हते, बदली झाल्यापासून पद्धतशीर शोध चालवलाय.

आईला खिळ्यांशिवाय दुसरं काही येत नाही, तेव्हा ती कुठल्यातरी लोखंडी सामानाच्या दुकानातच असणार, हे गृहीत धरलं. एकशे बारा दुकानांना पत्रं टाकली. विचारलं की आपल्याकडे पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी आणि बोललीच तर मनाला लागेल असं बोलणारी बाई आहे का. एकतीस उत्तरं आली. सव्वीस जणांनी कळवलं की आहे, आमची बायको. चौघांनी मी न विचारताच लिहिलं की आम्ही आमचा तराजू दुरुस्त करून घेतलाय. एकानं विचारलं, तुम्ही लग्नं जमवता का?

सुट्टीच्या दिवशी मी स्वतः जाते. परवा एका दुकानात एक उंच बाई पाठमोरी उभी होती. केसांचा अंबाडा अगदी आईसारखा. मी दारातच थबकले. ती वळली तर वेगळीच कुणी. काय पाहिजे म्हणाली, तर काहीतरी घ्यायला हवं म्हणून मी दोन बिजागऱ्या घेतल्या. असं सात गावांत झालं. घरात आता चौदा बिजागऱ्या आहेत आणि दार अजून लागत नाही.

आईचा आणि माझा दुकानाच्या पायरीवर काढलेला फोटो तुला आठवतो का? तो लावायचा म्हणते, पण इथली भिंत दगडासारखी आहे. जो खिळा मारते तो वाकतो. सध्या फोटो खाली जमिनीवर ठेवलाय, भिंतीकडे तोंड करून.

विचारू नये ते विचारते. ती तुझ्याशी कधी माझ्याबद्दल बोलली होती का? नसेल तर तसं लिही. मी अशी उत्तरं रोज लोकांना देते, मला घेताही येईल.

लोभ असेल तर एका ओळीत तरी दिसावा.

तुझी,
मुंगी

२५ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

भिंतीकडे तोंड करून आईला उभं केलंस? तिला शिक्षा करायची तुझी खोड काही जात नाही.

तुझं बिजागऱ्यांचं पत्र मी भाडेकरणीला मोठ्यानं वाचून दाखवलं. एवढं रंगवून वाचलं, सव्वीस नवऱ्यांना सव्वीस आवाज दिले. मेली हसली नाही. तोंड फिरवून एकच डबा पुसत बसली. डबा आधीच पुसलेला होता. शेवटी मला म्हणाली, भिंत कसली आहे ते विचारा. विटेची असेल तर खिळ्याचं टोक साबणात बुडवून मारावं, आणि पोरगी हातोडी पुढे धरत असेल, ती मागे धरावी. आता ही कोण कुठली बाई, तुझ्या भिंतीची तिला केवढी काळजी!

बाकी तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही. एकीला मी शब्द दिलाय की तिच्याबद्दल तुला एक अक्षर लिहिणार नाही. तुझे काका म्हणायचे, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून मुद्दाम शब्द पाळतेय. वर बसून त्यांना बघू दे.

सोबत एक किलो खिळे पाठवतेय, अडीच इंची. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातले आहेत. बाहेरगावचं गिऱ्हाईक आहे म्हणून सांगितलं आणि दुकानदारणीकडून तोलून घेतले. पुडा मी बांधलेला नाही, मी त्याला हातही लावलेला नाही. पोस्टात नेऊन दिला तेवढंच.

फोटो सरळ लाव. बाईमाणूस तिरकं टांगलं की वर्षभर तिरकं बोलतं.

लोभ पुड्यात घालायचा होता, पण दोरी पुरली नाही.

तुझी,
मावशी

१ एप्रिल

मावशी,
नमस्कार वगैरे सगळं पोचलं असं समज.

मी पुडा तोलला. तो सोडायच्या आधी तोललाच. तू मुद्दाम पाठवलास ना? बिस्किटाची वाटणीसुद्धा पारड्यात टाकून बघणारी पोर एक किलोचा पुडा तसाच फोडणार नाही, हे तुला ठाऊक होतं.

ऑफिसच्या तराजूवर तीनदा तोलला. कागद आणि सुतळी वजा जाता एक हजार बावीस ग्रॅम.

दुकानदारांचं वजन चुकतं तेव्हा पाचदहा ग्रॅमनं चुकतं, आणि चुकतं ते नेहमी त्यांच्या बाजूनं. सात वर्षांत मी हजारो तराजू पाहिले. बरोब्बर बावीसचा फरक एकदाच पाहिलाय, तो आईच्या तराजूत. पण मावशी, हे जास्त भरलं. कमी नाही, जास्त.

मग मी जप्तीची खोली उघडली. तराजू तसाच आहे, सात वर्षांच्या धुळीसकट. उजव्या पारड्याखाली तारेनं चार वाकडे खिळे बांधलेले. चारांचं मिळून वजन बावीस ग्रॅम. आम्हाला शिकवतात की दुकानदार मापं डाव्या पारड्यात ठेवतो आणि माल उजव्यात, कारण माल उजव्या हातानं भरायला सोपा. मी उजव्या पारड्याखाली ओझं पाहिलं आणि लिहून मोकळी झाले की मालाकडे ओझं, गिऱ्हाइकाला कमी.

आई डावखुरी आहे. ती माल डाव्यात भरते. मापं उजव्यात ठेवते. ते खिळे मापांखाली होते. दर किलोला गिऱ्हाइकाला बावीस ग्रॅम जास्त जात होते, आणि मी पंचनाम्यात आईला चोर लिहिलं. लहानपणी तिच्या हातच्या एवढ्या चापट्या खाल्ल्या, सगळ्या उजव्या गालावर, आणि साहेब झाल्यावर मला तिचा हात आठवला नाही.

ती तुझ्याकडेच आहे ना? भाडेकरीण म्हणे! मी येऊ का? वीस तारखेची रजा टाकून ठेवलीय. तू हो म्हण, मी निघते.

मुंगी

८ एप्रिल

चि. मुंगीस,
अ. उ. आ., आणि वर एक धपाटा, डाव्या हातानं.

आहे. सात वर्षं माझ्याकडेच आहे. कोपऱ्यावरचं घर माझंच आणि पुढच्या खोलीतलं खिळ्यांचं दुकानही तिचंच. मी शब्द मोडलेला नाही. मी फक्त खिळे पाठवले, आणि खिळे म्हणजे अक्षर नव्हे. हे मी तुझ्या काकांच्या फोटोसमोर उभी राहून सांगितलं. त्यांनी आक्षेप घेतला नाही.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. या खेपेला आवाज काढले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सात वर्षं लागली? सातवीच्या गणितालासुद्धा एवढी लागली नव्हती. मग उठून आत गेली आणि माझ्यासाठी चहा टाकला. सात वर्षांत पहिल्यांदा. साखर विसरली.

मी विचारलं, अगं बये, त्याच दिवशी तोंड उघडून सांगायला काय झालं होतं, की पोरी, मी डावखुरी? तर म्हणाली, पोटच्या पोरीला मी कोणत्या हातानं जेवते ते सांगायचं? चार लोकांदेखत? यावर मला काही बोलता आलं नाही. मला बोलता आलं नाही, हे तू कुठेतरी नोंदवून ठेव.

ते चार खिळे का, हे मीही तिला पहिल्यांदाच विचारलं. म्हणाली, किलोमागे चार खिळे वाकतातच. हातोडी मारणारा माणूस असतो, कधी त्याचं लक्ष उडतं, कधी घरात भांडण झालेलं असतं. त्या चारांसाठी त्याला पुन्हा दुकानात कशाला हेलपाटा? आमच्या वडिलांच्या वेळी वरून चार टाकायची पद्धत होती, पण धाकटी कधीकधी विसरायची. म्हणून पहिल्याच गिऱ्हाइकानं परत आणून दाखवलेले चार वाकडे तिनं मापाखाली बांधून टाकले. म्हणजे विसरायचा प्रश्न नाही. इथल्या तराजूलाही तसेच बांधलेत.

पण तू येऊ नकोस. पोरगी आली तर मी मागच्या दारानं निघून जाईन, असं म्हणालीय. मागच्या दाराला मी कधीच कपाट लावून ठेवलंय, ते तिला सांगितलं नाही. तरी येऊ नकोस. तिला ओढत आणायचं नाही, गं. तिचं तिला उठू दे.

लोभ असू दे, आणि रजा रद्द कर.

तुझी,
मावशी

१५ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रजा रद्द केली. आले असते तरी निरीक्षक म्हणून तुमच्या दुकानात पाय ठेवता आला नसता. नात्यातल्या दुकानाची तपासणी अधिकाऱ्यानं करायची नाही, असा आता नियम आहे. तो माझ्याच त्या पहिल्या आठवड्यामुळे झाला.

सोबत दोन कागद आहेत. आईला दे. वाचून दाखवताना आवाज काढू नकोस.

पहिला तराजू परत घेण्याचा. त्यावर तिनं इथे येऊन, माझ्या टेबलापुढे सही करायची आहे. शेवटचा दिवस ३० एप्रिल.

दुसरा तक्रारीचा. सात वर्षांपूर्वी एका निरीक्षकानं तपास न करता खोटा ठपका ठेवला, असं त्यात लिहिलंय. सगळं मीच भरलंय. निरीक्षकाच्या जागी माझं नाव आहे. फक्त तक्रार करणाऱ्याची सही राहिलीय. आईनं ती केली की चौकशी लागेल. बढती जाईल, कदाचित खुर्चीही जाईल. तसं होणं बरोबरच आहे. तिची अब्रू मी चार लोकांदेखत घेतली, तर परतही चार लोकांदेखतच द्यायला हवी. नुसत्या पत्रात चुकले म्हणून भागणार नाही.

तिनं दोन्ही कागद चुलीत घातले तरी मला चालेल. पण तिनं ते हातात धरावेत, एवढं बघ.

कळावे. लोभाबद्दल या वेळी काही मागत नाही.

तुझी,
मुंगी

२८ एप्रिल

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

हे पत्र तुला उशिरा मिळेल आणि तोपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते, कारण घरात दुसरं कुणी नाही आणि तुझे काका आज नुसतेच बघतायत.

तुझे कागद धाकटीनं वाचले. पहिला वाचला नि खाली ठेवला. दुसरा वाचला, परत वाचला, उजेडाकडे धरून वाचला. म्हणाली, अक्षर अजून तसंच, ओळ चढत जाते. मग दोन्ही घडी करून मापांच्या डब्याखाली ठेवले आणि त्या दिवसापासून तोंड उघडलं नाही. माझ्या चहालासुद्धा नावं ठेवली नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले. दूध उतू गेलं तर नुसतं पाहत राहिली.

दर दोन दिवसांनी मी काहीतरी काढायचे. एकदा म्हणाले, तो तराजू भट्टीत गेला तर त्याचे खिळेच होतील म्हणा, आपल्याच दुकानात येतील. हसली नाही. एकदा म्हणाले, पोरीची नोकरी गेली तर तिला इथे ठेवू, तराजू तेवढा चांगला बघते. तेव्हा डोळे वटारले. मला जरा बरं वाटलं.

आज सकाळी उठून पाहते तर बाईसाहेब तयार. पिशवीत ते दोन कागद, चष्मा, छत्री आणि हातोडी. मी विचारलं, कुठे? तर म्हणाली, काम आहे. मी म्हटलं, दुकान? तर म्हणाली, तुम्ही बघा. आणि मागच्या दाराकडे वळून म्हणाली, ते कपाट मला सहा वर्षांपासून माहीत आहे, ताई.

हातोडी कशासाठी ते मी विचारलं नाही. तू टेबलामागेच उभी राहा.

लोभ असावा, डोकं सांभाळावं.

तुझी,
मावशी

४ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आई आली. आधी तेवढं लिहून टाकते.

२९ तारखेला साडेदहा वाजता हॉलमध्ये पाहिलं तर रांगेत चौथी. तोपर्यंत मी दारावर ठेवलेल्या शिपायाला सात वेळा विचारून झालं होतं, की उंच बाई आली का. त्यानं तिला ओळखलं आणि खुर्ची देऊ केली. ती म्हणाली, माझ्याआधी तीन माणसं आहेत. माझ्यासमोर तिघांची कामं होती, मी काय केलं ते मला आठवत नाही. एकाच्या कागदावर दोनदा शिक्का मारला म्हणे.

मग ती पुढे आली. मध्ये काउंटर. आयुष्यात पहिल्यांदा मी काउंटरच्या आत आणि आई बाहेर. मला म्हणाली, तराजू न्यायला आलेय. मी जप्तीचं रजिस्टर काढलं, जुन्या नोंदीवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘बावीस ग्रॅम, गिऱ्हाइकाला जास्त. चूक निरीक्षकाची.’ नियम असा की दुरुस्ती मोठ्यानं वाचून दाखवायची. वाचली. पूर्ण वाचता आली नाही, शेवटचे दोन शब्द शिपायानं वाचले. त्याचा आवाज मोठा आहे. सगळ्या हॉलनं ऐकलं.

आईनं पेन डाव्या हातात घेतलं. सही एवढी सावकाश केली की मागच्या रांगेतल्या माणसांनाही दिसावी.

तराजू देताना त्याखाली काही बांधलेलं ठेवता येत नाही. मी तार सोडली आणि चारही खिळे काउंटरवर ठेवले. तिनं पिशवीतून तक्रारीचा कागद काढला. मी तिच्यापुढे पेन सरकवलं. तिनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागद फिरवून त्याची पुडी वळली, दुकानात वळते तशी एका हातानं, आणि ते चार खिळे त्यात घालून टोक दुमडलं. म्हणाली, कागद चांगला जाड आहे.

मग म्हणाली, भिंत कुठाय?

मी अर्धा दिवस रजा टाकली. घरी येऊन तिनं आधी चौदा बिजागऱ्या पाहिल्या. एकेक हातात घेऊन पाहिली. मग हातोडी काढली. खिळ्याचं टोक साबणाला लावलं, हातोडी मागे धरली, सगळं तिनं सांगितल्याप्रमाणे केलं आणि पहिलाच खिळा वाकला. मी पुड्यातला दुसरा दिला. तोही वाकला. मी तिसरा दिला. वाकलेले दोन्ही तिनं हळूच पिशवीत टाकले, मावशी. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं. तिसरा गेला आत.

भिंतीकडे बघतच म्हणाली, म्हणून जास्त घालते.

मला रडू फुटलं, तर म्हणाली, आधी फोटो सरळ धर.

अजून पंधरा दिवस राहते म्हणालीय. माझा चहाही तिला आवडत नाही.

तुझी,
मुंगी

ता. क. (हे आईनं लिहिलंय.) ताई, मापाचा डबा रोज पुसा. तीन इंचीत अडीच इंची मिसळू नका. सुतार येईल, त्याला हसून बोला, पण फार हसू नका. मी बरी आहे. पोरगी बारीक झालीय.

१० मे

चि. मुंगीस आणि चि. धाकटीस,
दोघींना एकाच कागदात अ. उ. आ., वाटून घ्या. तोलू नका.

पत्र वाचलं. तुझ्या काकांनाही वाचून दाखवलं, शिपायाच्या आवाजात. मी रडले नाही. कांदा चिरत होते.

आता माझं ऐका, प्रकरण गंभीर आहे. काल सुतार आला. हसून बोलायला मी तयारीत होते, पण त्याचाच चेहरा पडलेला. म्हणाला, बाई, तुमच्याकडचा किलो म्हणजे एकशे शहाऐंशी खिळे. दहा वर्षं मोजतोय. (सातच वर्षं झालीत दुकानाला, पण तो रागात होता.) आणि या खेपेला भरले एकशे अठ्ठ्याहत्तर. मी म्हटलं, शक्य नाही, पारड्याखाली चार वाकडे बांधलेले आहेत, तुम्हाला जास्तच मिळतं. त्यानं वाकून पाहिलं. आहेत म्हणाला. मग आम्ही दोघं स्टुलावर बसून विचार करत राहिलो. त्याचा दुसरा चहा झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी उजवी आहे गं.

वडिलांनी शिकवलं तशी मापं डाव्या पारड्यात ठेवत होते आणि माल उजव्यात भरत होते. म्हणजे धाकटीचे चार खिळे अकरा दिवस मालाखाली! ज्याला जास्त मिळायचं त्याला मी हसतमुखानं कमी देतेय. तू सात वर्षांपूर्वी केलीस तीच चूक, घरातच, पुन्हा. आणि तुला किती नावं ठेवली होती मी! आता तुझे काका फोटोतून सरळ सरळ हसतायत. हयातीत ते मला कधी एवढं हसले नव्हते.

तेव्हा मी गुन्हा कबूल करतेय. आठ खिळे सुताराचे लागतात, बाकी गिऱ्हाइकांची यादी सोबत जोडलीय, सगळी पुडे घेऊन दारात बसलीत आणि चहा मागतायत. जप्तीला या. आता तू म्हणशील की नात्यातल्या दुकानात निरीक्षकानं यायचं नाही. मग निरीक्षकबाईला तिथेच बसव आणि मुंगीला पाठव. खाली सांडलेले खिळेही बरेच साचलेत, मला वाकवत नाही.

धाकटीला घेऊन ये. तराजूही आणा, वडिलांचा. एकावर ती डाव्या हातानं तोलेल, एकावर मी उजव्या. मागच्या दाराचं कपाट आज सुताराकडून बाजूला सरकवून घेतलंय. वारा छान येतो.

लोभ भरपूर पाठवतेय. पण तो तिकडे तोलून बघू नका. माझ्या हातचं सध्या कमी भरतं.

तुमची,
मावशी आणि ताई